फोन आणि जुन्या कॅमेऱ्याचं फूटेज एडिटिंगसाठी तयार करताना: फुकट साधनांनी, पायरीपायरीने

आमच्या गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक मी पहिल्यांदा तीन बाजूंनी टिपलं. समोर जुना हँडीकॅम, डाव्या अंगाला आयफोन, उजवीकडे मित्राचा अँड्रॉइड फोन आणि पायपेटीजवळ एक छोटा ऑडिओ रेकॉर्डर. घरी येऊन सगळं एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने मांडायच्या पट्टीवर, टाकलं. गणपतीचं नमन चोख जुळलं, संकासुर आला तोवरही ठीक होतं. पहाटेच्या युद्धात मात्र फोनच्या चित्रातला हात आधी खाली यायचा आणि मृदंगावरची थाप मागाहून ऐकू यायची. शिवाय माझा आठ जीबी रॅमचा लॅपटॉप प्रत्येक कटला अडकत होता. महिनाभर मी दोष कॅमेऱ्यात शोधला, तारांमध्ये शोधला. शेवटी कळलं की फाइल ज्या प्रकारे भरली गेली होती, त्यातच सगळं होतं.

तेव्हापासून बरीच नाटकं, कीर्तनं आणि घरच्या मंडळींच्या मुलाखती याच लॅपटॉपवर एडिट केल्या. महागडं सॉफ्टवेअर घेतलेलं नाही. तुम्ही नुकतीच सुरुवात करत असाल तर माझा तो महिना तुमचा वाया जाऊ नये, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

आधी काय जवळ हवं

- मीडियाइन्फो: फाइलच्या आत काय आहे ते सांगणारं छोटं, मोफत साधन
- शटर एन्कोडर: रूपांतरासाठी, म्हणजे फाइल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलण्यासाठी, मोफत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं
- हँडब्रेक: रूपांतराचंच आणखी एक साधन, मोफत, मोजक्या कामांसाठी
- एडिटिंगसाठी शॉटकट, केडेनलाइव्ह किंवा डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. रिझॉल्व्ह वापरायचं तर रॅम १६ जीबी तरी हवी. आठ जीबी असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या
- दोन डिस्क: एक मूळ फाइल्सच्या प्रतीसाठी, साधी हार्ड डिस्क चालेल; दुसरी कामासाठी, शक्य असेल तर एसएसडी
- कार्ड रीडर

सगळी साधनं त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. 'फुकट कन्व्हर्टर' असं शोधल्यावर वर येणाऱ्या ऑनलाइन सेवांपासून लांब राहा. तिथे कित्येक जीबी चढवायला रात्र जाते, दर्जा उतरतो आणि तुमच्या घरचं चित्रण परक्याच्या सर्व्हरवर जाऊन पडतं.

१. कार्ड पूर्ण उतरवा, मगच पुढे

हँडीकॅमचं कार्ड उघडलं की आत फोल्डरमध्ये फोल्डर दिसतात. त्यातल्या फक्त व्हिडिओ फाइल्स ओढून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका, अख्खं कार्ड जसंच्या तसं उतरवा. एव्हीसीएचडी पद्धतीचे कॅमेरे लांब चित्रण दोन किंवा चार जीबीच्या तुकड्यांत तोडून ठेवतात आणि कुठल्या तुकड्यापुढे कुठला, ही नोंद शेजारच्या छोट्या फाइल्समध्ये असते. तुकडे सुटे टाइमलाइनवर टाकले तर सांध्यावर आवाजाचा एखादा घास गळतो. गाण्यात तो लगेच कानाला खटकतो. म्हणून असे तुकडे आधी जोडून घ्यावेत; शटर एन्कोडरमध्ये त्यासाठी 'मर्ज' आहे.

फोनचं फूटेज तारेने घ्या. मित्राने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल एडिटिंगच्या कामाची नाही. ती वाटेतच दाबून लहान केलेली असते. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, कारण काही साधनं देवनागरी नावांना अडखळतात. मूळ फूटेजचा एक फोल्डर, रूपांतराचा दुसरा, आवाजाचा तिसरा. मूळ फोल्डरमधल्या फाइलचं नाव बदलायचं नाही, तिच्यावर काही लिहायचं नाही. आणि मूळची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. जत्रा वर्षातून एकदाच असते.

२. फाइलच्या आत डोकावा

मीडियाइन्फोमध्ये फाइल ओढून टाका. माहिती खूप दिसेल, त्यातल्या पाच ओळी वाचल्या तरी पुरे.

पहिली, कोडेक, म्हणजे चित्र दाबून साठवायची पद्धत: एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. दुसरी, फ्रेम रेट: सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम. तिसरी, फ्रेम रेट मोड: कॉन्स्टंट (कायम सारखा) की व्हेरिएबल (बदलता). चौथी, बिट डेप्थ, म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक: आठ की दहा. पाचवी, स्कॅन टाइप: प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम) की इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या रेघांची, त्याबद्दल आठव्या पायरीत).

एमपी-४ किंवा एमओव्ही हे फाइलचं आडनाव आहे, ते फक्त डब्याचं नाव. डब्यात डाळ आहे की तांदूळ ते कोडेक सांगतो. 'माझी फाइल एमओव्ही आहे, मग ती का अडकते?' असं नवखे बरेचदा विचारतात. कारण आत एच.२६५ असतो.

आता अडकण्याचं कारण. एच.२६४ (२००३) आणि एच.२६५ (२०१३) हे दोन्ही कमी जागेत जास्त चित्रण मावावं म्हणून बनवलेले आहेत. ते प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण ठेवतात आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं लिहितात. काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींच्या आधाराने उभ्या राहतात. सरळ बघताना काही अडत नाही. पण एडिटिंगमध्ये आपण मध्येच उडी मारतो, मागे जातो, कट करतो. मग ती एक फ्रेम दाखवायला संगणकाला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. तीन कॅमेरे एकदम लावले की हे काम तिप्पट.

एडिटिंगसाठीचे कोडेक वेगळे असतात. ॲपलचा प्रोरेस आणि ॲव्हिडचे डीएनएक्सएचडी व डीएनएक्सएचआर यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण असते. फाइल फुगते, पण कुठेही उडी मारा, चित्र हजर.

३. गरज आहे का ते आधी बघा

सगळंच रूपांतरित करायला धावू नका. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एच.२६४ आणि एच.२६५ उलगडण्याची सोय चिपमध्येच असते. तुमच्या फूटेजचे तीन तुकडे टाइमलाइनवर टाका, पाच-सहा कट मारा, मागे-पुढे करा. सुरळीत चाललं तर अडकण्यापुरता प्रश्न मिटला. थोडंच अडखळत असेल तर आधी प्रिव्ह्यूचा आकार कमी करून पाहा. शॉटकटमध्ये ५४० किंवा ३६० असा पर्याय मिळतो.

दोन बाबतींत मात्र चाचणीत सगळं सुरळीत दिसलं तरी थांबा. मीडियाइन्फोने 'व्हेरिएबल' म्हटलं असेल तर पुढची पायरी वाचल्याशिवाय एडिटिंगला बसू नका. आणि लिनक्सवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरत असाल तर तिथे एच.२६४ आणि एच.२६५ चालतच नाहीत, त्यामुळे रूपांतर अटळ आहे.

४. व्हेरिएबल फ्रेम रेट: खरी गोची इथे आहे

उजेड कमी झाला, फोन तापला, मागे दुसरं ॲप चालू झालं की फोन फ्रेम घेण्याची गती थोडी खाली-वर करतो. दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहत नाही. फोनवर बघताना हे कळत नाही, कारण प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ लिहिलेली असते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र सारख्या अंतराच्या फ्रेम हव्या असतात. त्याने ती लिहिलेली वेळ सोडून 'सेकंदाला ३०' असं धरून मोजायला सुरुवात केली की घोटाळा होतो.

हिशेब करून बघा. फोनने तासभर सरासरी २९.९ फ्रेम घेतल्या, तर एकूण फ्रेम झाल्या १,०७,६४०. त्या ३० च्या गतीने चालवल्या तर ३,५८८ सेकंदांत संपतात. म्हणजे तासाला १२ सेकंदांचा फरक. फरक याच्या दहाव्या हिश्शाएवढा असला, तरी ओठ आणि शब्द वेगळे झालेले कुणालाही दिसतात. नमन जुळतं आणि युद्ध जुळत नाही, ते यामुळेच. सुरुवातीला टाळी वाजवून जुळवणी केली म्हणून निर्धास्त राहू नका. घसरण हळूहळू साठत जाते.

उपाय एकच: अशी फाइल एडिटिंगच्या आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यायची. रूपांतर करणारं साधन फ्रेमची लिहिलेली वेळ पाहतं, जिथे फ्रेम कमी पडते तिथे आधीची पुन्हा ठेवतं, जास्त असेल तिथे गाळतं. एकूण लांबी तीच राहते.

इथे दोन सापळे आहेत.

एक: फोनचं फूटेज ३०चं आणि टाइमलाइन २५ची असेल तर रूपांतरातच २५ करून टाकावं असं वाटतं. मी तसं करत नाही. आधी ३० ला कॉन्स्टंट ३० करतो, २९.९७ दाखवत असेल तर २९.९७, आणि पुढचं एडिटरवर सोडतो. घाईत 'कॉन्फॉर्म'सारखा पर्याय निवडला गेला तर फ्रेम गाळल्या न जाता चित्राचा वेगच बदलतो आणि सगळं नाटक सहा तासांचं सव्वासात तासांचं होतं.

दोन: यापेक्षा फसवा. व्हेरिएबल फाइलच्या नुसत्या प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, बनवून एडिट केलं तर काम करताना सगळं जुळलेलं दिसू शकतं. शेवटी रेंडर करताना, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बाहेर काढताना, सॉफ्टवेअर मूळ फाइलकडे परत जातं आणि घसरण परत येते. म्हणून नियम लक्षात ठेवा: व्हेरिएबल फाइलचं पूर्ण रूपांतर, प्रॉक्सी फक्त कॉन्स्टंट फाइलच्या.

शॉटकट वापरत असाल तर हे काम सोपं आहे. व्हेरिएबल फाइल उघडली की तो स्वतःच विचारतो, एडिटिंगयोग्य प्रकारात बदलू का? गुड, बेटर, बेस्ट असे तीन पर्याय देतो. जागा असेल तर मधला घ्या. गुडमध्ये फाइल लहान राहते, पण पुन्हा एच.२६४च मिळतो. बेस्टमध्ये काहीही न गमावता साठवण होते, पण फोनच्या फूटेजला एवढी जागा देण्यात अर्थ नाही.

५. पूर्ण रूपांतर की प्रॉक्सी?

पूर्ण रूपांतर म्हणजे मूळच्या जागी कायमची नवी फाइल, तिच्यावरच एडिट आणि तिच्यावरूनच रेंडर. प्रॉक्सी म्हणजे काम करताना वापरायची हलकी प्रत, रेंडर मूळवरून. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि रिझॉल्व्ह तिन्हींत प्रॉक्सी बनवायची सोय आहे. रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवी क्लिक करून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया'.

निवड डिस्कवरच्या जागेवर ठरते. १०८०च्या, २५ फ्रेमच्या एका तासाला साधारण किती जागा लागते ते बघा:

- प्रोरेस प्रॉक्सी: १७ जीबी
- प्रोरेस एलटी: ३८ जीबी
- प्रोरेस ४२२: ५५ जीबी
- प्रोरेस ४२२ एचक्यू: ८३ जीबी

फोर-केमध्ये प्रोरेस ४२२ला तासाला सुमारे २२० जीबी जातात. ५० फ्रेमचं चित्रण असेल तर सगळे आकडे दुप्पट. त्या मानाने मूळ फाइल चिमुकली असते: आयफोनवर १०८०, ३० फ्रेम, एचईव्हीसीमध्ये मिनिटाला साधारण ६० एमबी, म्हणजे तासाला साडेतीन जीबीच्या आसपास.

चार तासांचं नाटक तीन कॅमेऱ्यांनी टिपलं तर फूटेज बारा तास. एलटीत ते ४६० जीबी होतं, प्रॉक्सीत २०५. म्हणून मी मिश्र पद्धत ठेवली आहे: फोनचं फूटेज पूर्ण रूपांतरित, कॅमेऱ्याचं मूळ तसंच ठेवून प्रॉक्सी. दहा मिनिटांच्या मुलाखतीसाठी एवढा विचार नको, सरळ सगळं रूपांतरित करा.

६. कोडेक निवडा

मॅकवर काम करणारे प्रोरेस घेतात, विंडोजवर डीएनएक्सएचआर जास्त चालतो, पण वर सांगितलेले एडिटर दोन्ही उघडतात. ठरवायचं ते दर्जाच्या पातळीवरून.

साध्या फोनचं किंवा हँडीकॅमचं आठ बिटचं फूटेज असेल तर प्रोरेस एलटी किंवा डीएनएक्सएचआर एसक्यू पुरतं. रंगांवर बरंच काम करणार असाल तर प्रोरेस ४२२ किंवा डीएनएक्सएचआर एचक्यू. मूळ दहा बिटचं असेल तर प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स. डीएनएक्सएचआरमध्ये एसक्यू आणि एचक्यू आठ बिटचे आहेत. दहा बिटचं फूटेज त्यांत टाकलं तर रंगांच्या छटा कायमच्या जातात. नावातल्या एका अक्षराचा फरक आहे, निवडताना नीट वाचा.

जुन्या डीएनएक्सएचडीच्या वाटेला जाऊ नका. त्याला ठरावीक आकार आणि ठरावीक फ्रेम रेटच चालतात, फोनवरचं उभं चित्रण तो घेणार नाही.

आणि वरच्या पातळीचा कोडेक निवडला म्हणून चित्र सुधारत नाही. कॅमेऱ्याने जे टिपलं नाही ते रूपांतर आणू शकत नाही. फक्त डिस्क भरते.

७. प्रत्यक्ष रूपांतर

शटर एन्कोडर उघडा. फाइल्स डाव्या यादीत ओढा. 'चूज फंक्शन'मध्ये ॲपल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर निवडा आणि शेजारी पातळी ठरवा. फाइल कुठे पडणार ते स्वतः नेमून द्या, नाहीतर ती मूळच्याच फोल्डरात जाऊन मिसळते. प्रगत पर्यायांत फ्रेम रेट पक्का करा. आवाज पीसीएम (न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ. मग 'स्टार्ट फंक्शन'.

पहिल्यांदा पूर्ण यादी लावू नका. एका मिनिटाची एक फाइल करून ती एडिटरमध्ये उघडून बघा. चित्र आडवं-उभं बरोबर आहे का, रंग फिके पडले नाहीत ना, आवाज येतोय ना, एवढं पाहून मग रात्रीच्या कामाला लावा. लॅपटॉपची झोप बंद ठेवा, चार्जर लावा, खालून हवा मिळेल असा ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधीही जाते. अर्धवट राहिलेली एमओव्ही फाइल बहुतेकदा उघडतच नाही. म्हणून बारा तासांचं एकगठ्ठा न लावता तीन-तीन तासांचे गट करतो.

हँडब्रेक वापरायचं असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. त्याच्या जुन्या आवृत्त्या प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर बनवत नाहीत, पण व्हेरिएबल एच.२६४ला कॉन्स्टंट एच.२६४ करायला तो उत्तम आहे आणि जागा कमी असेल तेव्हा मी तोच वापरतो. पण उघडल्यावर समोर येणारं तयार प्रीसेट ३० फ्रेमची मर्यादा आणि १०८०चा आकार धरून चालतं. 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' हाताने निवडावं लागतं. एडिटिंगसाठीच बनवलेले 'प्रॉडक्शन' गटातले प्रीसेट त्यात आहेत, तिथून सुरुवात करा.

८. हँडीकॅमच्या आडव्या रेघा

जुन्या कॅमेऱ्यांच्या फूटेजमध्ये हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हे इंटरलेस्ड चित्रण: एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या रेघा विणलेल्या असतात. रूपांतर करतानाच डीइंटरलेस करून, म्हणजे त्या विणलेल्या रेघा सोडवून, घ्या. २५ फ्रेमच्या इंटरलेस्ड फूटेजमधून ५० पूर्ण फ्रेम काढता येतात. हँडब्रेकमध्ये त्याला 'बॉब' म्हणतात. तलवारींचं युद्ध, गिरक्या, झांजांचे हात यांसाठी मी ५० काढतो. बसून बोलणाऱ्या माणसासाठी २५ पुरे.

काही कॅमेरे प्रोग्रेसिव्ह चित्र इंटरलेस्डच्या डब्यात भरतात. मीडियाइन्फो 'इंटरलेस्ड' म्हणेल, पण डोळ्यांना रेघा दिसणार नाहीत. तिथे डीइंटरलेस केलं तर उगाच धार जाते. वेगवान हालचालीची एक फ्रेम थांबवून डोळ्यांनी खात्री करा.

९. तपासणी शेवटून करा

प्रत्येक रूपांतरित फाइलची लांबी मूळशी ताडून बघा. एखाद-दुसऱ्या फ्रेमपेक्षा जास्त फरक नको. मग सरळ शेवटच्या दोन मिनिटांवर जा. तिथे ओठ आणि शब्द, हात आणि थाप जुळत असतील तर मधलंही बहुधा जुळलेलं असतं. सुरुवात बघून समाधान मानणं हीच मी केलेली सर्वांत महागाची चूक होती.

रेकॉर्डरचा आवाज मात्र तासाला काही फ्रेम सरकू शकतो. कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ वेगवेगळं असतं, त्यामुळे हे रूपांतराने सुटत नाही. प्रवेशाच्या शेवटी पडणाऱ्या शांततेत आवाज कापून तेवढा सरकवून घ्या.

१०. पुढच्या चित्रणाआधी

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवला की मांडवातले दिवे लुकलुकत नाहीत. आयफोनवर २५चा पर्याय आधी दिसत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ आणि तिथे 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करा. त्याच पानावरचं 'एचडीआर व्हिडिओ' बंद ठेवा, नाहीतर साध्या टाइमलाइनवर चेहरे पांढरेफटक दिसतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका. शक्य असेल तर फ्रेम रेट पक्का ठेवणारं कॅमेरा ॲप वापरा आणि तरीही घरी आल्यावर मीडियाइन्फोत बघा. सुरुवातीला टाळी वाजवता तशी शेवटीही एक वाजवा. नाटकाच्या शेवटी दहीहंडी फुटते, त्या गडबडीत ती राहून जाते, म्हणून हे काम मी आधीच कुणावर तरी सोपवून ठेवतो.

एडिट पूर्ण झालं, मास्टर फाइल दोन ठिकाणी ठेवली, की रूपांतरित फाइल्स आणि प्रॉक्सी पुसून टाका. त्या पुन्हा बनवता येतात. मूळ फोल्डर मात्र प्रोजेक्ट फाइलसोबत दोन वेगळ्या डिस्कवर राहू द्या, आणि दुसरी डिस्क दुसऱ्या घरात.